सहा बाय सहाचा खड्डा

माझी ताई आणि मी रंगीत कागदाच्या पट्ट्या विणतो. हा व्यवसाय मी एकदा लग्नाच्या बायोडाटात लिहून पाहिला. अजून कुणाचा फोन आलेला नाही.

चटई विणतात तसंच असतं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला तो चकचकीत घोटीव कागद मिळायचा ना, तोच घ्यायचा. एका मोठ्या कागदाला उभ्या चिरा द्यायच्या आणि दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या त्यातून आडव्या काढायच्या. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. सगळी गंमत चिरांमध्ये असते. चिरा सरळ दिल्या तर बुद्धिबळाचा पट होतो. त्याच चिरा वाकवल्या, कुठे दाट कुठे विरळ केल्या, की सपाट कागद फुगतो, खचतो, गरगरतो. खरं तर फुगत काहीच नाही. आपल्याला तसं दिसतं.

चिरा देणं ताईचं काम. ताई म्हणजे दीक्षा, वय एकतीस, डी.एड. होऊन आठ वर्षं शिक्षक भरतीची वाट बघणारी. विणणं माझं काम. मी रत्नपाल, वय सव्वीस. मी कशाचीच वाट बघत नाही.

यंदा चौदा एप्रिलला आमच्या थळच्या विहारात ताईनं मागच्या भिंतीसाठी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं अशोकचक्र विणलं. ते फिरायचं. म्हणजे फिरत नव्हतं, पण पहिल्या रांगेतल्या वेणूबाई वंदना झाल्या झाल्या उठल्या आणि म्हणाल्या, "तो पंखा बारीक करा रे, गार लागतंय." त्याचा व्हिडिओ कुणीतरी टाकला आणि तो फिरत फिरत किहीमच्या हर्षदभाईंपर्यंत गेला.

हर्षदभाईंची किहीमला नारळाच्या वाडीत चार कॉटेजं आहेत. त्यांना सेल्फीची भिंत हवी होती.

"रतनभाई, असा खड्डा पायजे की गेस्ट लोक त्याच्यासमोर उभे राहिले की फोटोत वाटलं पायजे, गेले आत! एकदम थ्रीडी."

"त्यासाठी माणगावला हायवेवर न्या त्यांना," मी म्हटलं. "तिकडे तयार आहेत."

ते हसले, पण जरा उशिराने. मे महिन्याची गर्दी सुरू होण्याआधीच्या शुक्रवारपर्यंत भिंत तयार हवी होती. आम्ही सोमवारी सामान घेऊन पोचलो. सहा फूट बाय सहा फुटाचा प्लाय, त्यावर कागद, आणि चार रंग: काळा, पांढरा, गडद निळा, फिका निळा. हे रंग लक्षात ठेवा. मला नंतर ते पुन्हा पुन्हा मोजावे लागले.

पहिल्या दिवशी ताईनं हाताएवढा एक नमुना विणून मला दाखवला. वरच्या बाजूला गडद पट्ट्या, खाली फिक्या. मधोमध वाटीसारखा खळगा.

"हा काय आहे?"

"खड्डा."

तिनं तो नमुना हातातच उलटा फिरवला. वरचं खाली, खालचं वर. खळगा गेला आणि तिथे टेंगूळ आलं. अंगठ्यानं दाबून बघावंसं वाटेल इतकं खरं.

"कागद तोच आहे," ताई म्हणाली. "उजेड वरून येतो असं डोळा धरून चालतो. वरची कड काळोखी दिसली की तो म्हणतो खड्डा, वरची कड उजळ दिसली की म्हणतो उंचवटा. तुला कुणी सांगितलं होतं का, की उजेड कुठून येतो? नाही ना? तरी तू धरून चालतोस."

ही बाई आठ वर्षं भरतीची वाट बघतेय. भरतीवाल्यांचं मला काही कळत नाही.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगतो. मला "गेलं खड्ड्यात" म्हणायची सवय आहे. लाइट गेली, गेली खड्ड्यात. एसटी चुकली, गेली खड्ड्यात. यात राग नसतो, ते नुसतं विरामचिन्हासारखं येतं. दुसरी गोष्ट म्हणजे आमच्या घरात भुताखेतांना जागा नाही. वडील होते तेव्हाही नव्हती, आता तर आई आहे. आई, म्हणजे इंदूबाई, तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई. ती म्हणते, जे दिसतं त्याला कारण असतं, आणि जे दिसत नाही त्याला अफवा म्हणतात. त्यामुळे आमच्या घरात कुणाला काही बाधलं, तर ते सांगायचं कुणाला, याची सोय नाही.

मंगळवारपर्यंत आम्ही हर्षदभाईंच्या स्वयंपाकघराबाहेरच्या पडवीत जमिनीवर विणलं. बुधवारी सकाळी प्लाय चार स्क्रूंनी भिंतीवर चढवला, कारण मधला भाग उभ्यानेच जमतो, मागे सरकून सरकून बघावं लागतं. सात पावलं मागे गेलं की खड्डा दिसायचा. कडेला उतरता, मग खोल, मग मधोमध तळहाताएवढा काळा, ज्याचा तळ नजरेला लागत नव्हता.

वाडीची राखण करणारे नामाकाका बादली घेऊन पडवीतून चालले होते. साठीचे, काटक, अजून माडावर चढणारे. चित्रापाशी आले आणि भिंत सोडून थेट कठड्याला घासून गेले. परत येतानाही तसेच.

"नामाकाका, सरळ जा की. एवढी जागा आहे."

"खड्डा हाय ना तिथं."

"खड्डा भिंतीवर आहे. तुम्ही जमिनीवर चालताय."

त्यांनी जमिनीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि स्वतःशीच हसले. "सवय लागली बाबा. दिसला का वळायचा."

मीही हसलो. आमच्या जिल्ह्यात माणूस चालायला शिकतो तेव्हाच खड्डा चुकवायला शिकतो. मग माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मीही कठड्याला घासूनच जातोय. ताईसुद्धा.

त्याच दुपारी माझ्या हातून चिकटपट्टीचं रीळ सुटलं. ते घरंगळत भिंतीपाशी गेलं, चित्राच्या बरोबर खाली. मी उचलून आणलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी म्हटलं, पडवीला उतार आहे. पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून पडवीला उतार देतातच. फक्त तो बाहेरच्या बाजूला देतात. हा आत होता.

मी डब्यातलं लिंबू घेऊन डाव्या टोकाला ठेवलं. ते उजवीकडे, चित्राकडे गेलं. उजव्या टोकाला ठेवलं. ते डावीकडे, चित्राकडे आलं. कठड्यापाशी ठेवलं. ते सरळ भिंतीकडे निघालं, घाई न करता, ओळखीच्या घरी जावं तसं.

"गवंडी बेकार होता," मी म्हटलं.

ताईनं हातातली पट्टी खाली ठेवली. ती लिंबाकडे बघत होती.

संध्याकाळी चिकटपट्टी सापडेना. "गेली खड्ड्यात," असं म्हणून मी दुसरं रीळ काढलं. लिंबूही नव्हतं. लिंबाबद्दल मी काही बोललो होतो की नाही, ते आठवत नाही.

नामाकाकांची एक तांबडी कोंबडी होती. ती येऊन खालच्या पट्ट्या चोचीनं ओढायची. तीनदा हाकलली. चौथ्यांदा मी म्हटलं, "ही कोंबडी जाईल खड्ड्यात तर बरं होईल."

गुरुवारी सकाळी आम्ही आलो तेव्हा नामाकाका वाडीभर "बा बा बा बा" करत फिरत होते.

"मुंगूस," ते म्हणाले. "न्हायतर रानमांजर. पण रक्त न्हाय, पिसा न्हाय, काय न्हाय."

एक पीस होतं. ताईला सापडलं. खालून सतराव्या पट्टीच्या शेजारी, तांबडं, लांबट. ते चिकटलेलं नव्हतं, खोचलेलंही नव्हतं. ते विणलेलं होतं. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली.

"हे तू केलंस?" ताईनं विचारलं.

"मी माणूस आहे गं. मला रात्री झोप लागते."

ताईनं पीस ओढून बघितलं. निघालं नाही. तिनं हात मागे घेतला आणि ओढणीला पुसला. पिवळी ओढणी होती, आईनं जयंतीला घेतलेली.

"रत्न्या, तू ते वाक्य बोलू नकोस."

"कुठलं?"

"तेच."

"अंधश्रद्धा," मी म्हटलं. "सांगू आईला?"

"श्रद्धा नाही. निरीक्षण आहे."



दुपारचे साडेबारा वाजले. पडवीवरचे पत्रे तापून कडकड वाजत होते. समुद्र वाडीच्या पलीकडेच होता, पण भरती उतरल्यामुळे त्याचा आवाज येत नव्हता. विणकाम जवळजवळ संपलं होतं. ताई सात पावलं मागे गेली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "थांब. वरून अकरावी ओळ. मधोमध दोन खाली घेतलेस."

मी बघितलं. खरंच होतं. एक वर, एक खाली असं चाललेलं असताना एका ठिकाणी मी सलग दोनांच्या खालून पट्टी नेली होती.

"उसवायला लागेल," ती म्हणाली.

"कुणाला दिसणार आहे?"

"मला."

"तू काय इथे गेस्ट म्हणून येणारेस? अकरा ओळी उसवायच्या? जेवायचं आहे अजून."

"चूक आहे ती रत्न्या. चूक असली की..."

"चूक असली की काय? सगळ्यांनी थांबायचं? तुझी भरती येईपर्यंत घर थांबलंय. आठ वर्षं. आई थांबलीय, मी थांबलोय. आता या कागदासाठी पण थांबायचं?"

हे मला बोलायचं नव्हतं. ताईचा चेहरा एकदम सपाट झाला. ती भिंतीकडे गेली आणि तिनं अकराव्या ओळीला नख लावलं.

ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

"तू आणि तुझं चित्र," मी म्हटलं, "दोघं जा खड्ड्यात."

आणि पाणी प्यायला वळलो. माठ पडवीच्या टोकाला, दहा पावलांवर. मी तांब्या बुडवला. पाणी भरल्याचा आवाज ऐकला. एक तांब्या प्यायलो. दुसरा ताईसाठी भरला, कारण भांडण झालं तरी आमच्यात पाणी द्यायची पद्धत आहे.

वळलो तर ताई नव्हती.

तिच्या चपला पायरीपाशी होत्या. तिची पिशवी खुर्चीवर. तिचा कटर जमिनीवर होता आणि अगदी हळू भिंतीकडे सरकत होता. माझ्या डोळ्यांदेखत तो भिंतीला टेकला. मग दिसेनासा झाला. खाली गेला नाही, वर गेला नाही. लांब गेल्यासारखा झाला.

मी तांब्या खाली ठेवला. मग उचलून कठड्यावर ठेवला.

"ताई?"

कॉटेजं रिकामी होती, चारही. बाहेरून कुलपं. विहिरीवर जाळी, जाळीवर वाळत घातलेलं फडकं जसंच्या तसं. फाटकापाशी नामाकाका नारळ सोलत बसले होते.

"ताई बाहेर गेली का?"

"न्हाय. कोण न्हाय गेला भायेर. मी बसलोय ना सकाळधरनं." ते माझ्याकडे बघत राहिले. "काय झाला रे पोरा?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. आई.

"जेवलात का? दीक्षा फोन नाही उचलत. दे तिला."

"ती कामात आहे."

"एवढी काय कामात? दोन मिनिटं बोलायला होत नाही?"

"खोल गेलीय," मी म्हटलं. म्हणजे, कामात असं म्हणायचं होतं.

"रत्नपाल, आवाज का असा येतोय तुझा?"

"रेंज नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला. आईशी मी कधी खोटं बोलत नाही. जमत नाही म्हणून.

मी पडवीत परत आलो आणि सात पावलं मागे उभा राहून खड्ड्याकडे बघितलं.

रंग मोजले. काळा, पांढरा, गडद निळा, फिका निळा.

पिवळा.

मधल्या काळ्याच्या अलीकडे, बोटाच्या पेराएवढी पिवळी रेघ. एक वर, एक खाली. मी धावत जवळ गेलो. जवळून नुसता कागद. हात फिरवला. सपाट, कोमट, घोटीव कागद, आणि मागे प्लायचा टणकपणा. सात पावलं मागे आलो. पिवळं होतं. आता नखाएवढं.

डोळे मिटून उघडले. तांदळाएवढं.

ती खोल जात होती.

मी तिचा नंबर लावला. तिच्या फोनला साधी घंटी आहे, जुन्या फोनसारखी, आम्ही तिला त्यावरून चिडवतो. माझ्या कानात रिंग जात होती, आणि दुसरीकडेही कुठेतरी घंटी वाजत होती. भिंतीतून नव्हे. भिंतीच्या पलीकडे हर्षदभाईंचं स्वयंपाकघर आहे, तिथूनही नव्हे. खोल विहिरीच्या तळाशी कुणी फोन ठेवून विसरावं तशी. प्रत्येक घंटी आधीच्यापेक्षा बारीक.

"ताई! ताई, ये ना! मी नुसतं म्हटलं होतं गं!"

मागे पावलं वाजली. नामाकाका वाळूनं भरलेलं घमेलं घेऊन आले होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण हात कामाचे होते.

"सरक," ते म्हणाले.

"काय करताय?"

"बुजवतो. दुसरा काय करायचा असतो खड्ड्याचा? माझी कोंबडी गेली, आता माणूस. सरक पोरा."

त्यांनी घमेलं उचललं. वाळूचे चार दाणे कडेवरून निसटले आणि भिंतीच्या दिशेनं, हवेतून, आडवे गेले.

"काका, थांबा! आत ताई आहे!"

घमेलं तसंच अधांतरी राहिलं. घंटी वाजली. मुंगी चालल्यासारखी.

तेव्हा मला ताईचा नमुना आठवला. हाताएवढा. तिनं तो हातातल्या हातात फिरवला होता. कागद तोच आहे.

"काका, उलटा करायचा."

"काय?"

"खड्डा. खड्डा उलटा करायचा. धरा तिकडून."

दुसऱ्या कुणी विचारलं असतं, खड्डा उलटा कसा करतात? नामाकाकांनी घमेलं ठेवलं आणि प्लाय धरला.

पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. तिसरा खाऱ्या हवेनं एका दिवसातच गंजला होता. फिरताना किरकिरत होता. घंटी थांबली. मी पुन्हा नंबर लावला, फोन खांद्यानं कानाशी दाबला.

एक घंटी.

तिसरा निघाला.

चौथ्याची खाच गेली होती. स्क्रू ड्रायव्हर नुसताच फिरत होता. मी तो स्क्रूच्या डोक्याखाली घातला आणि उचकटला. भिंतीचा पोपडा निघाला, बोट फाटलं.

"उचला."

जड होता. ताईनं आणि मी तो कालच सहज चढवला होता. आता पाण्यानं भरलेल्या होडीसारखा होता. आम्ही तो कोपऱ्यावर पेलला आणि फिरवायला सुरुवात केली.

अर्ध्यात आल्यावर तो आडवा झाला. गडद बाजू डावीकडे, फिकी उजवीकडे. तेव्हा तो खड्डाही नव्हता आणि टेंगूळही नव्हतं. पत्रे वाजायचे थांबले. घंटी थांबली. माझा स्वतःचा श्वासही मला ऐकू येईना.

"दमलो रे," नामाकाका म्हणाले. "टेकव जरा."

"नाही काका."

"हात सुटतोय."

"नाही!"

फिरवला.

वरचं खाली गेलं. खालचं वर आलं.

आधी लिंबू आलं. ते घरंगळत पडवीभर गेलं आणि पायरीवरून टप टप खाली उतरलं. मग चिकटपट्टी. मग कटर. मग तांबडी कोंबडी चालत आली, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं. अर्थात कोंबडीचा चेहरा तसाच असतो.

मग काही आलं नाही.

मी मोजत होतो. आठपर्यंत मोजलं.

ताई भिंतीपाशी बसलेली होती. कधी आली ते मला दिसलं नाही, आणि मी डोळे मिटले नव्हते. ओढणी खांद्यावर, केस जागच्या जागी. ती माझ्याकडे अशी बघत होती, जसं लांबच्या माणसाकडे बघतात, ओळख पटेपर्यंत.

"किती वेळ लावलास पाणी आणायला," ती म्हणाली.

मी कठड्यावरचा तांब्या तिला दिला. अर्धं पाणी वाटेतच सांडलं.

"कुठे होतीस?"

"इथेच. तू लांब गेलास." तिनं अंगठा आणि बोट जवळ आणलं. "एवढासा झालास."

नामाकाका कोंबडी काखेत धरून जे गेले, ते आम्ही निघेपर्यंत आमच्याकडे फिरकले नाहीत.

पाचच्या सुमाराला हर्षदभाई आले. सात पावलांवर उभे राहिले, मान तिरकी केली.

"रतनभाई, खड्डा बोललो होतो. हे तर टेंगूळ आलंय."

"दमट हवेनं फुगलं," मी म्हटलं.

"उलटा लागलाय काय? फिरवून बघू?"

"नाही!" आम्ही दोघं एकदम म्हणालो. म्हणजे मी म्हणालो. ताईनं नुसती मान हलवली. कोणत्या दिशेनं हलवली, ते मी नीट बघितलं नाही.

हर्षदभाईंना पैसे नकोत म्हणून सांगून त्या संध्याकाळी मी ते सगळं चित्र उसवलं. पट्टी पट्टी. ताई शेजारी बसून माझ्याकडून घ्यायची आणि गुंडाळून ठेवायची. अकराव्या ओळीपाशी आल्यावर ती म्हणाली, "शेवटी उसवलीसच ना?" आणि हसली. मला रडू आलं, ते मी शिंकेसारखं केलं. "ते भरतीचं मी..." असं सुरू केलं. ती म्हणाली, "गप. कर काम." अगदी ताईसारखं म्हणाली. रिकाम्या कागदाच्या चिरांचे मी बोटाएवढे तुकडे केले. खड्डा आता आमच्या माळ्यावर एका पिशवीत आहे. पुन्हा कुणाला जुळवता येणार नाही अशा बेतानं ठेवलाय.

आईला आम्ही सांगितलं नाही. कारण काय सांगणार? तिनं विचारलं असतं, कारण काय.

शनिवारी नामाकाकांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "कोंबडी खुळी झालीय रे. सावलीत बसत न्हाय. जमिनीवर पाय टेकवत न्हाय, चटका बसल्यागत उचलते. फळीवर चढून बसते, न मान पोटाखाली घालून डोळे झाकते." शेवटी म्हणाले, "बाय बरी हाय ना?"

"बरी आहे," मी म्हटलं. बरीच होती. जेवत होती, झोपत होती, आईशी मालिकेतल्या सासूवरून भांडत होती. दोन दिवस घरातच होती, इतकंच. मला कधी कधी वाटायचं की खिडकीपाशी बसली की तिचा चेहरा वेगळा दिसतो. पण कुठे वेगळा, ते बोट ठेवून सांगता यायचं नाही. चित्र जरा चुकलंय हे कळतं, पण चूक कुठल्या ओळीत आहे ते सापडत नाही, तसं.

आज रविवार. आई विहारातून आली आणि म्हणाली, आमटीत घालायला कैरी हवी. आमच्या अंगणात आंब्याचं एकच झाड आहे, आणि ते कैऱ्या शेंड्याला धरतं. मी काठी शोधत होतो. ताई बाहेर आली आणि झाडाजवळ, अंगणाच्या मधोमध उभी राहिली. बरोबर बारा वाजले होते. ऊन सरळ डोक्यावर. माझी सावली माझ्या पायांखाली गोळा झाली होती.

"दीक्षा, दिसतेय का गं एखादी?" आईनं आतून विचारलं.

"बघते. ऊन डोळ्यांवर येतंय," ताई म्हणाली.

तिनं मान वर केली. डोळे बारीक केले. आणि उन्हाची तिरीप अडवायला आपण कपाळावर आडवा हात धरतो ना, तसा तिनं हात धरला.

हनुवटीखाली.

"हां," ती म्हणाली. "आता दिसली."